पहिल्या पानावरचे नाव
धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदना’चे पुनर्वाचन

विद्येसाठी घर सोडणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. ज्यांच्या कुलदेवतांनीच एके काळी स्थलांतर केले, त्यांच्या वंशजांना देशांतराचे भय ते काय असणार? सोळाव्या शतकात साखवाळचा श्रीलक्ष्मीनृसिंह जुवारी ओलांडून वेलिंगास गेला आणि भक्तांनी त्याच्यामागून वाट काढली. पुढे कोणी कारवार-मंगळूरकडे उतरले, कोणी मुंबईस पोहोचले. १९५६ साली भोपाळ ही मध्य प्रदेशाची राजधानी झाली, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर व इंदूरकडील मराठी नोकरवर्ग येथे आला. अवजड विद्युत्-यंत्रांचा कारखाना उभा राहिला, त्याबरोबर किनाऱ्यावरची काही कोंकणी घरेही आली. त्यांपैकीच एक घर आमचे. समुद्र पाचशे मैल मागे राहिला. तलावाच्या काठी आमच्या दोन पिढ्या वाढल्या.

आता तिसरी पिढी समुद्रापलीकडे जात आहे. शंभर वर्षांपूर्वी परदेशाहून परतलेल्याला पंक्तीस घ्यावे की न घ्यावे, प्रायश्चित्त द्यावे की न द्यावे, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षे वाद चालत. आज तो वाद हास्यास्पद वाटतो. पण त्या काळी लोक निदान परतलेल्याला काही विचारीत तरी होते! आता आपण काहीच विचारीत नाही. मुलगा वा मुलगी संशोधनासाठी परदेशी गेली, की बर्फातले छायाचित्र भिंतीवर लागते, देवळात अभिषेक होतो आणि आपण निश्चिंत होतो. तेथे त्यांचे दिवस कसे जातात, कोणाच्या हाताखाली ती राबतात, त्यांनी केलेल्या कामावर नाव कोणाचे लागते, हे आपल्याला ठाऊक नसते आणि ते जाणून घ्यावे असे सहसा वाटतही नाही.

आम्हांलाही ते वाटले नसते. पण गेल्या वर्षी आमच्या पुतण्याच्या मुलीचे एक पत्र आले आणि ‘निवेदन’ हे पुस्तक फार दिवसांनी पुन्हा हाती घ्यावे लागले.

ही मुलगी भोपाळातच शिकली. तलावांच्या तळाशी साचणाऱ्या गाळाचा अभ्यास हा तिचा विषय. युरोपातील एका विद्यापीठात ती डॉक्टरेटसाठी गेली. (विद्यापीठाचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही.) तेथे दोन हिवाळे तिने गाळाचे नमुने तपासण्यात व त्यांची कोष्टके तयार करण्यात घालविले. त्या कोष्टकांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकांच्या यादीत तिचे नाव नव्हते. शेवटी बारीक टाइपात ज्यांचे आभार मानले होते, त्यांत ते होते. तिने पत्रात विचारले होते : “आजोबा, भांडू की गप्प बसू? येथे सगळे म्हणतात, काम महत्त्वाचे, नाव नव्हे. गीतेतही तेच सांगितले आहे ना?”

या प्रश्नाला आम्ही स्वतःच्या शब्दांत उत्तर दिले नाही. धर्मानंदांचे ‘निवेदन’ टपालाने धाडले आणि लिहिले, की हे आपल्याच माणसाचे पुस्तक आहे. तुझ्याच अडचणीतून हा गृहस्थ एकशेदहा वर्षांपूर्वी गेला आहे.

‘निवेदन’ १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मराठीतील थोड्याच आत्मचरित्रांना लाभलेले भाग्य त्याच्या वाट्यास आले. ते अजून वाचले जाते. लेखकाची नात, समाजशास्त्राच्या अभ्यासक मीरा कोसंबी, यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केल्यापासून मराठी न जाणणारेही ते वाचू लागले आहेत. मात्र आपल्याकडे हे पुस्तक बहुधा ‘एका बौद्ध पंडिताची जीवनकथा’ म्हणून वाचतात. वैदिक परंपरेत वाढलेल्या वाचकाला लेखकाची धार्मिक मते खटकली, तर तो ते आदराने मिटून ठेवतो. आमचे म्हणणे असे, की या पुस्तकाचा गाभा मतात नसून विद्यार्जनाच्या हकिकतीत आहे. परदेशी जाऊन संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याचे इतके खरे चित्र मराठीत दुसरे क्वचितच असेल.

कथेची रूपरेषा बहुतेकांना ठाऊक असेल. १८७६ मध्ये साखवाळ येथे जन्म, शाळेचे शिक्षण बेताचेच, तरुणपणी नारळीच्या बागायतीची देखरेख. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकातील बुद्धचरित्र वाचून त्यांच्या मनात एक ठिणगी पडली. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यास डॉ. भांडारकरांची भेट झाली. पुढे काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १९०२ मध्ये बुद्धधर्माच्या शोधात नेपाळ गाठले, पण तेथे हवे ते सापडले नाही. मग बोधगयेमार्गे सिंहलद्वीप, कोलंबोचे विद्योदय विद्यालय, सुमंगल महास्थविरांच्या चरणी पालीचे अध्ययन व श्रामणेराची दीक्षा, त्यानंतर ब्रह्मदेश. १९०६ मध्ये ते हिंदुस्थानात स्थिरावले. कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात व विद्यापीठात त्यांनी पाली शिकविली. पण आपली विद्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडावी, या ओढीने तेथील जागा सोडून सयाजीराव महाराजांची दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती त्यांनी पत्करली.

येथपर्यंतच्या हकिकतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. परदेशी विद्याभ्यास म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर पश्चिमच येते. धर्मानंदांचे पहिले परदेशगमन दक्षिणेस व पूर्वेस होते आणि तेच त्यांच्या सगळ्या विद्येचा पाया ठरले. हाती पदवी नव्हती, शिष्यवृत्ती नव्हती, शिफारसपत्रही नव्हते. भाषा परकी, लिपी परकी, अन्नही परके. विद्यार्थ्याजवळ होती ती एकच वस्तू : आपल्याला काय शिकावयाचे आहे, याचे निश्चित ज्ञान. पुढे पश्चिमेकडील पंडितांनी त्यांना बोलाविले, ते सिंहल आणि ब्रह्मदेश येथील परंपरेत त्यांनी जे मिळविले होते त्यासाठीच. आजचा आपला विद्यार्थी पश्चिमेस जातो तो शिष्य म्हणून. धर्मानंद गेले ते आपली विद्या घेऊन. हा भेद ध्यानात ठेविला, तरच हार्वर्डच्या प्रकरणाचा अर्थ लागतो.

ते प्रकरण असे. अमेरिकेतील हेन्री क्लार्क वॉरन या पंडिताने बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली होती. ‘विसुद्धिमग्ग’ म्हणजे पाचव्या शतकात अनुराधपुरी रचलेला तेवीस प्रकरणांचा महाग्रंथ; शील, समाधी व प्रज्ञा या तीन पायऱ्यांनी तो चढत जातो. वॉरन यांना लहानपणी गाडीतून पडल्याने पाठीच्या कण्यास इजा झाली होती आणि सारे आयुष्य वेदनेत गेले. तशा स्थितीतही त्यांनी हस्तलिखिते ताडून पाहिली, पाठ सिद्ध केला आणि १८९९ मध्ये, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, काम अपुरे ठेवून ते निवर्तले. हार्वर्ड प्राच्यग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन हे त्यांचे गुरू व स्नेही. मित्राचे काम पुरे व्हावे ही त्यांची तळमळ होती, पण त्यासाठी पाली परंपरेत मुरलेला माणूस हवा होता. हिंदुस्थानात आलेले हार्वर्डचे दुसरे प्राध्यापक जेम्स वुड्स यांची धर्मानंदांशी ओळख झाली होती. त्यांच्यामार्फत बोलावणे आले आणि १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले.

दीड वर्ष काम चालले. धर्मानंदांनी वॉरन यांचा पाठ तपासला, दुरुस्त केला. मग वाद उभा राहिला : ग्रंथ छापला जाईल तेव्हा पहिल्या पानावर कोणाचे नाव, कोणत्या शब्दांनी व कोणत्या क्रमाने यावे? केलेल्या कामाच्या मानाने आपल्याला श्रेय दिले जात नाही, असे धर्मानंदांचे म्हणणे होते आणि लॅनमन त्यास राजी नव्हते. वुड्स मध्यस्थी करीत होते. पण समाधानकारक निकाल न लागताच, १९१२ च्या आरंभी धर्मानंदांनी अमेरिका सोडली.

‘निवेदना’तील ही हकीकत वाचताना टीकाकाराने सावध राहिले पाहिजे. आपल्यापुढे एकाच बाजूची कैफियत आहे. लॅनमन यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. मरण पावलेल्या मित्राच्या श्रमाला उणेपणा येऊ नये, ही त्यांची भावना खोटी नव्हती. ज्यांचे संस्कृत वाचनपुस्तक पाश्चात्य विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासिले, त्या पंडिताला लोभी ठरविणे हा अन्याय होईल. आणि धर्मानंदही त्यांना खलपुरुष रंगवीत नाहीत. या लेखकाची खरी शक्ती येथेच दिसते. तो आवाज चढवीत नाही. उपमा नाही, उद्गार नाही. काय ठरले, काय बदलले, कोण काय म्हणाले, एवढेच. हिशेबाच्या वहीतील नोंदीप्रमाणे वाक्ये येतात आणि वाचकाला आपला निवाडा आपणच करावा लागतो. मराठी आत्मचरित्रांत स्वतःवरील अन्यायाचे वर्णन पुष्कळ आढळते. त्याची बेरीज इतक्या थंडपणे मांडलेली फार थोडी.

येथे आमच्या नातीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अनात्मवाद शिकविणाऱ्या धर्माच्या उपासकाने स्वतःच्या नावासाठी भांडावे, हा विरोध नव्हे काय? कर्मण्येवाधिकारस्ते असे म्हणणारे आपण, आपण तरी धर्मानंदांना दोष देऊ की शाबासकी?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुस्तकात नव्हे, घराजवळच सापडले. भोपाळहून विदिशेकडे जाणारी गाडी पाऊण-एक तासात सांचीला पोहोचते. डब्याच्या खिडकीतूनच टेकडीवरील स्तूप दिसतो. याच मुलीला शाळेत असताना आम्ही तेथे कितीदा नेले असेल! स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्यांवर लहान लहान लेख कोरलेले आहेत. असे लेख शेकड्यांनी आहेत. अमक्या गावच्या अमक्याने, अमक्या भिक्षुणीने, अमक्याच्या आईने ही शिळा दिली, अशी त्यांची भाषा. दात्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत; स्त्रिया तर किती तरी आहेत. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी आपले काम नोंदविले आहे. एकाच शब्दाने शेवट होणारे हे चिमुकले लेख पाहूनच जेम्स प्रिन्सेप यांना १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीची किल्ली सापडली. तो शब्द ‘दानं’. म्हणजे ज्या नावांना क्षुल्लक म्हणून कोणी पुसून टाकले असते, त्या नावांनीच हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाचा दरवाजा उघडला.

ज्या धर्माने ‘मी’ नाही असे सांगितले, त्याच धर्माच्या स्तूपावर एका शिळेचे दानही दात्याच्या नावावाचून राहिले नाही. यात विरोध नाही. नावाची हाव ही एक गोष्ट, नावाची नोंद ही दुसरी. पहिली अहंकारातून येते, दुसरी सत्यातून. हे कोणी दिले, हे कोणी केले, ते खरे असेल तसे लिहून ठेवणे म्हणजे आत्मस्तुती नव्हे. खोटी नोंद न होऊ देणे होय. आपल्या देवळांतही जीर्णोद्धाराच्या शिलापटावर एक रुपया देणाऱ्याचे नाव लागते. तो रुपया ज्याने दिला त्याच्याऐवजी दुसऱ्याचे नाव कोरले गेले, तर देवस्थानची समिती त्याला ‘निष्काम कर्म कर’ असे सांगेल काय? धर्मानंदांनी कीर्ती मागितली नाही. खरी नोंद मागितली. आमच्या मते त्या वादाचा हाच अर्थ आहे आणि तो त्यांच्या शीलाला शोभणारा आहे.

पुढे काय झाले तेही याला साक्ष आहे. वाद झाला म्हणून त्यांनी काम टाकले नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात सहा वर्षे पाली शिकवून १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले. त्यानंतर १९२६ व १९३१ मध्येही गेले. दरम्यान ‘विसुद्धिमग्गा’ची नागरी आवृत्ती त्यांनी १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनातून काढली. हार्वर्डची आवृत्ती ग्रंथमालेचा एकेचाळिसावा खंड म्हणून १९५० साली निघाली. तिच्या पहिल्या पानावर संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधक म्हणून धर्मानंदांचे नाव आहे. ज्या नोंदीसाठी १९१२ साली एक माणूस बोटीत बसून परत आला, ती नोंद अखेर झाली. पण ती पाहावयास कोणी उरले नव्हते. वॉरन १८९९ मध्ये, लॅनमन १९४१ मध्ये आणि धर्मानंद जून १९४७ मध्ये सेवाग्राम येथे देह ठेवून गेले होते. तिघांच्याही श्रमाचा ग्रंथ तिघांच्याही मागे प्रसिद्ध झाला.

हे सगळे आम्ही नातीला मोठ्या उत्साहाने लिहिले. दोन महिन्यांनी उत्तर आले. पुस्तक वाचून झाले होते. वादाच्या प्रकरणावर तिचे दुमत नव्हते. तिने आपल्या मार्गदर्शकांना सविस्तर पत्र लिहिले होते. कोष्टके कोणी, कोणत्या तारखांस तयार केली, एवढेच त्यात होते. तक्रारीचा एक शब्दही नव्हता. ‘निवेदना’ची शैली तिने उचलली, असे आम्हांस वाटले व आनंद झाला. पण पत्राच्या शेवटी घरच्या कोंकणीत एकच ओळ होती : “बाळाबायेचें नांव खंय आसा?”

ही ओळ वाचून आम्ही काही वेळ स्तब्ध झालो. बाळाबाई म्हणजे धर्मानंदांच्या पत्नी. १८९१ मध्ये विवाह झाला, तेव्हा धर्मानंद चौदा-पंधरा वर्षांचे होते. १८९९ मध्ये माणिक ही मुलगी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पती घर सोडून गेला. तो परत भेटला सुमारे सात वर्षांनी. काशी, काठमांडू, कोलंबो, रंगून ही नावे आपण भक्तिभावाने घेतो, त्या सात वर्षांत एक तरुण स्त्री तान्ह्या मुलीसह गोव्यात होती. पतीची पत्रे येत की नाही, तिला कोण काय बोलत असे, सणावारी तिने काय केले असेल, याविषयी ‘निवेदन’ जवळजवळ मौन पाळते. लेखक आपल्या चंचल मनाचा, पळून जाण्याच्या विचारांचा, चुकांचा कबुलीजबाब देतो. तो अप्रामाणिक नाही. पण तो स्वतःची झडती घेतो, तिची विचारपूस करीत नाही. प्रवासाचा तपशील देणारी, दिवसांचा हिशेब ठेवणारी ही लेखणी घराच्या उंबरठ्याशी येऊन थांबते.

आम्ही हे पुस्तक याआधी तीनदा तरी वाचले असेल. हा दोष आमच्या लक्षात आला नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे. बचाव म्हणून काही सांगता येईल. त्या पिढीच्या पुरुषाने पत्नीविषयी लिहिणे हे अमर्याद मानले जाई. गृहत्यागाची कथा सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिद्धार्थ असतो, आणि यशोधरेला कवींनी फार पुढे वाचा दिली. धर्मानंदांनी नंतर पुण्यात बिऱ्हाड केले, मुलीला व मुलाला शिक्षणासाठी अमेरिकेस नेले. त्यांचा मुलगा दामोदर हार्वर्डचा पदवीधर झाला व पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून पित्याहूनही अधिक गाजला. हे सर्व खरे. पण बचाव कितीही केला, तरी प्रश्न उरतोच. लॅनमन यांच्याकडून जी नोंद धर्मानंदांनी मागितली, तीच नोंद स्वतःच्या पुस्तकात त्यांनी केली काय? त्या विद्येचा खर्च ज्या घराने सोसला, त्या घराचे नाव कोणत्या पानावर आहे?

टीकाकाराने येथे तोल सांभाळला पाहिजे. ‘निवेदन’ यामुळे लहान होत नाही. ज्या मापाने हे पुस्तक जगाला मोजते, त्याच मापाने त्याला मोजण्याचे सामर्थ्य ते वाचकाला देते. याहून मोठी प्रशस्ती कोणत्या आत्मचरित्राची करता येईल? वॉरन, लॅनमन यांच्या हक्काचा विचार करावयास ज्याने शिकविले, त्यानेच बाळाबाईंच्या हक्काचा प्रश्न एका एकवीस-बावीस वर्षांच्या वाचकाच्या मनात उभा केला. त्या पानावर जे लिहिलेले नाही, तेही त्या पुस्तकामुळेच दिसले. आणि एका नातीनेच, जिने स्त्रियांच्या इतिहासाच्या संशोधनात आपले आयुष्य वेचले त्या मीरा कोसंबी यांनी, आजोबांचे हे आत्मकथन जगापुढे ठेविले, यातही एक न्याय आहे असे आम्हांस वाटते.

पुस्तकाचे आणखी एक-दोन दोषही सांगितले पाहिजेत. लेखकाला निसर्ग दिसत नाही. हिमालय, सिंहलद्वीपाचा किनारा, अटलांटिक महासागर सारख्याच कोरड्या वाक्यांत ओलांडले जातात. व्यक्तिचित्रेही धावती आहेत. सुमंगल महास्थविरांसारख्या गुरूंविषयी अधिक वाचावे असे वाटते, तोच लेखक पुढच्या गावी निघतो. परदेशात समाजवादी विचारांचे वारे त्यांना लागले व ते पुढे आयुष्यभर टिकले. एका श्रद्धावान उपासकाच्या मनात ही दोन मते कशी नांदली, याचा उलगडा येथे पुरेसा होत नाही. पण हे दोष अल्पाक्षरत्वाचे आहेत, पोकळपणाचे नव्हेत. फुगवून लिहिलेल्या प्रवासवर्णनांच्या शेजारी ‘निवेदन’ ठेवले, म्हणजे त्याचा कोरडेपणा सुकविलेल्या धान्यासारखा वाटतो. ते टिकते.

या पुस्तकाचे पीक कोठे आले तेही पाहावे. फर्ग्युसनमध्ये धर्मानंदांजवळ पाली शिकलेले पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पुढे स्वतः हार्वर्डला गेले, ‘विसुद्धिमग्ग’ आणि ‘विमुत्तिमग्ग’ यांच्या तुलनेवर तेथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि मायदेशी परतून पाली अध्ययनाची ध्वजा सांभाळली. आपल्याच समाजातील विष्णु सीताराम सुखटणकर बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकले. सांचीच्या त्या चिमुकल्या लेखांसह हिंदुस्थानातील ब्राह्मी लेखांची सूची करणारे ते हेच ल्यूडर्स. तेथे शिकलेली पाठचिकित्सेची शिस्त सुखटणकरांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस लावली. परदेशी संशोधनाचे सार्थक कशात, असे कोणी विचारल्यास आम्ही या दोन नावांकडे बोट दाखवू. पदवी भिंतीवर राहते. शिस्त मात्र घरी आणून दुसऱ्यास देता येते.

सांचीच्या टेकडीवर आणखी एक गोष्ट आहे. १८५१ मध्ये कनिंगहॅम व मेझी यांनी तेथील स्तूप उघडले, तेव्हा सारिपुत्त व मोग्गल्लान या बुद्धाच्या दोन अग्रशिष्यांच्या अस्थी दगडी पेट्यांत मिळाल्या. पेट्यांवर त्यांची नावे कोरलेली होती. आतील करंडकांच्या झाकणांवर शाईने एकेक अक्षर लिहिलेले होते : एकावर ‘सा’, दुसऱ्यावर ‘म’. अस्थी विलायतेस गेल्या, पुढे संग्रहालयात राहिल्या आणि शेवटी परत येऊन १९५२ च्या नोव्हेंबरात सांचीच्या नव्या विहारात प्रतिष्ठित झाल्या. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी तरी शाईत कुंचला बुडवून जे एक अक्षर लिहिले, त्यामुळे त्या कोणाच्या याविषयी शंका उरली नाही. नोंद खरी असली, म्हणजे कितीही लांब गेलेली वस्तू आपल्या घरी परत येऊ शकते.

नातीच्या पत्राला आम्ही उत्तर लिहिले ते थोडक्यात येथे देतो, कारण ते आपल्या सर्वच घरांना उद्देशून आहे. मुलगी परदेशी राबत असेल, तर ती काय करते ते तिला विचारावे, समजून घ्यावे. केवळ कौतुक करू नये. तिच्या श्रमाची नोंद चुकीची होत असेल, तर ‘नावाचे काय एवढे’ असे सांगून तिला गप्प बसवू नये. आणि तिने कधी आपल्या प्रबंधाचे पहिले पान लिहिले, तर मार्गदर्शकांबरोबर त्या माणसांचीही आठवण ठेवावी, ज्यांनी तिच्या वाटचे घर सांभाळले.

तिच्या निबंधाविषयी शेवटचा निर्णय अजून झालेला नाही. मार्गदर्शकांनी पत्राची दखल घेतली आहे, एवढेच कळते. पण डिसेंबरात ती घरी आली, तेव्हा आपल्या प्रबंधाच्या टाचणांची वही दाखवू लागली. पहिल्या पानावर पेन्सिलीने काही नावे लिहिलेली होती. त्यांत तिच्या आजीचे नाव होते. ती शाळेतून येईपर्यंत रोज दुपारी दाराशी बसून राहणारी ती आजी आता हयात नाही. नावापुढे एकच शब्द होता, सांचीच्या लिपीत. आम्हांला तो वाचता आला नाही. तिनेच वाचून दाखविला : ‘दानं’.

‘निवेदन’ ज्यांनी वाचले नसेल, त्यांनी अवश्य वाचावे. ज्यांनी वाचले असेल, त्यांनी घरातील एखाद्या मुलीच्या हाती देऊन, ती काय म्हणते ते ऐकावे.